मंगळवार

कांदा-बटाटा मार्केटात पहाटे तीन वाजता
नऊ वर्षांचा लिंगराज सापडला,
शर्टाच्या ओच्यात अकरा कांदे.
कागदावर तो झाला
'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक'.
कांद्यांची नोंद कुठेच नाही.

बोनसरीला, बंद खाणीखालच्या वस्तीत,
मी मंगळवारी गेले.
मंगळवारी, कारण ऑफिसची जीप
त्याच दिवशी तुर्भ्याला जाते.
हणमव्वानं पदरानं स्टूल पुसलं,
स्वतः उंबऱ्यावर टेकली, अर्धी आत, अर्धी बाहेर.
माझ्याकडे छापील बत्तीस प्रश्न होते.
मुलाचा स्वभाव? बरा हाय.
शाळा का सोडली? व्हय.
नवरा? तिनं खाणीकडे हनुवटी उचलली.
खाण तर चार वर्षं बंद आहे.

मी लिहिलं :
आई उत्तरं देताना सतत बाहेर बघते.
मुलाविषयी आस्था कमी. सहकार्य नाही.
अक्षर माझं चांगलं आहे, सगळे म्हणतात.
पुढच्या मंगळवारी
'आस्था कमी'खाली रेघ ओढली.

तिसऱ्या मंगळवारी, सातव्या प्रश्नावर,
खालच्या वळणावर हॉर्न वाजला
आणि हणमव्वा उठली ती
माझ्या गुडघ्यांवरून, फाइलवरून, थेट बाहेर.
सगळी वस्तीच पळत होती :
ड्रम, हंडे, तेलाचे कॅन, एक लंगडी म्हातारी बादलीसकट.
टँकर.
आठवड्यातून एकदा. अकरा ते साडेअकरा,
आला तर.

म्हणजे ही बाई माझ्याशी बोलताना
कान रस्त्यावर ठेवून होती.
आणि दोनदा (हे मला नंतर धाकट्या यल्लूनं सांगितलं)
दोनदा माझ्यामुळे तिचा नंबर गेला होता.

फाइल स्टुलावर ठेवली. पाइपचं तोंड धरलं.
ते धरायलाही यावं लागतं.
पाणी माझ्या बाहीतून कोपरापर्यंत शिरलं.
"म्याडम, आंगठा दाबा, आंगठा!"
त्या घरानं मला सांगितलेली पहिली गोष्ट.

हंडा भरत आला की आवाज बारीक होत जातो.
हणमव्वा हंड्याकडे बघत नव्हती,
दुसऱ्याच बाईशी भांडत होती,
आणि नेमक्या क्षणी म्हणायची, "सोडा."
मला तो आवाज कळायला
सहा हंडे लागले.
सातव्याला तिनं काही म्हणायच्या आत
मी पाइप काढला.
तिनं फक्त एकदा मान वळवून पाहिलं.

मग मी गुरुवारी जायला लागले,
आपली आपण, बसनं.
बत्तीस प्रश्न पिशवीतच राहायचे.
ती तांदूळ निवडायची, मीही निवडायचे,
खडे एकाच झाकणात टाकायचो.
एका गुरुवारी ती उठली आणि मला
झोपडीच्या मागं घेऊन गेली.
रंगाचे रिकामे डबे, पाच-सहा,
आणि प्रत्येकात कांद्याची हिरवी पात.
"मोड आलेलंच उचलतो त्यो.
बाजारवाले फेकत्यात. ह्यो म्हंतो, जित्ते हायेत."
मग पिण्याच्या हंड्यातला पेला भरून
तिनं एकेका डब्यात घोट-घोट ओतला,
मंगळवारचं पाणी, गुरुवारपर्यंत राखलेलं.
'आस्था' हा शब्द मला त्या वेळी
तोंडातल्या खड्यासारखा लागला.

जुनं पान शिक्का मारून पुढे गेलं होतं.
मी नवा अहवाल लिहिला, डब्यांसकट.
बेलखोडे साहेब म्हणाले,
"आधीच्यात तर तुम्हीच वेगळं लिहिलंय."
म्हटलं, "तेव्हा मी मंगळवारी जात होते."
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

काल समितीसमोरची तारीख आली.
लिंगराजला घरी सोडायचं की नाही,
अकरा वाजता, आईनं स्वतः हजर राहायचं.
पत्र मी वाचून दाखवलं.
वार ऐकला
आणि हणमव्वा बाहेर बघायला लागली.

मीही बाहेर बघितलं,
खालच्या वळणाकडे.
पेन पिशवीतच होतं.